दहा पावलं

वहाणा काढून हातात घेतल्या आणि मुसल्लम व्हरांड्यात पाय टाकणार, एवढ्यात नात ओरडली, "जद्दी, वहाणा घाला! या फरशीला सगळ्यांची चाल वहाणांसकटच माहीत आहे."

"उघडा पाय दिसला तर लाजते की काय तुझी फरशी?" म्हातारा पुटपुटला, पण त्यानं वहाणा पुन्हा चढवल्या.

नात म्हणजे झुवैना. ती या कॉलेजात शिकवायची, आणि गेली दोन वर्षं तिला एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. व्हरांड्याच्या फरश्यांखाली तिनं दाब ओळखणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. माणूस वरून चालत गेला की टाच किती जोरात पडली, भार कुठल्या बोटाकडं सरकला, दुसरं पाऊल किती वेळानं आलं, हे सगळं तिच्या कॉम्प्युटरला कळायचं आणि तो चालणाऱ्याचं नाव सांगायचा. साठ माणसांची चाल त्यात भरलेली होती. घरी जेवताना ती हे सांगायची आणि मुसल्लम हसायचा. पण आज तिनंच त्याला गाडीत घालून आणलं होतं. फरशी एका ठिकाणी अडली होती, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

खरोखरच नव्हतं. वाळवंटाच्या काठच्या त्या सगळ्या मुलखात मुसल्लमसारखा माग काढणारा दुसरा झाला नाही, असं लोक म्हणत आणि तोही म्हणे. तीस वर्षं त्यानं पोलिसांसाठी माग काढला. वाळूतलं पाऊल बघून माणूस कोण, डोक्यावर ओझं होतं की नव्हतं, बाई असेल तर पोटुशी आहे का, उंट असेल तर कुठल्या डोळ्यानं अधू, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. एकदा सांगितलं की विषय संपला. "मी दोनदा बघत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला तरी ते म्हणताना त्याची छाती जरा पुढं यायची. एवढ्या आयुष्यात त्याचं बोलणं खोटं म्हणणारा एकच माणूस निघाला, सुलैम. आणि तो तर चोर होता.

"केवढी लांब आहे ही?" त्यानं विचारलं.

"सात मीटर. माणसाची दहा पावलं."

"दहा पावलांत काय कळतो गं माणूस? दहा पावलं तर नवरदेवसुद्धा नीट चालतो."

झुवैनानं त्याला चालायला लावलं. तो हात पाठीमागं बांधून या टोकाचा त्या टोकाला गेला. पडद्यावर शब्द आला, 'अनोळखी'.

"अख्खा मुलूख ओळखतो मला!" मुसल्लम म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

अडचण होती ती दोघांची. एक तालिब, झुवैनाच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, उंच आणि काटकुळा. दुसरा खलफान, फाटकावरचा पहारेकरी, बुटका, पोट सुटलेला. एरवी फरशी दोघांना बरोब्बर ओळखायची. पण अधूनमधून एखाद्या सकाळी तिचा गोंधळ उडायचा, आणि पडद्यावर दोन्ही नावं यायची.

"हे बघा. शंभरात तालिब बावन्न, खलफान अठ्ठेचाळीस."

"म्हणजे नक्की कोण?"

"नक्की तिला माहीत नाही."

"मग गप्प बसावं तिनं."

"शंका आहे हे सांगणंही कामाचंच असतं, जद्दी."

"शंका घेणाऱ्याला आमच्या वेळी कुणी पगार दिला नसता," मुसल्लम म्हणाला. पण त्याची नजर त्या दोघांच्या पायांवर खिळली होती. काटकुळा आणि ढेरपोट्या. यांच्या चालीत सारखं असणार तरी काय? असलं काही समोर आलं की त्याला जेवण गोड लागत नसे.

"वाळू आणा," तो म्हणाला.

मागं बांधकाम चाललं होतं. खलफाननं तिथून घमेली भरभरून वाळू आणली आणि भिंतीच्या सावलीत लांब पट्टा पसरला. मुसल्लमनं दोघांच्या वहाणा काढायला लावल्या, पायाचा आकार झाकून नुसती चाल दिसावी म्हणून मोजे घालायला लावले, आणि चालवलं. मग उकिडवा बसून तो बघत राहिला.

"आंधळ्यालाही कळेल," त्यानं निकाल दिला. "हा टाच आपटतो, हा चवड्यावर झुलतो. तुझी फरशी आंधळ्याहून वाईट."

"पण मग सकाळी काय होतं?"

"सकाळी काय होतं ते मला काय विचारतेस? सकाळी हे काय करतात?"

तालिबनं डोकं खाजवलं. "काही नाही, वालिद," तो अदबीनं म्हणाला. "मी येतो, दिवे लावतो. पाण्याच्या बाटल्या आल्या असल्या तर ढकलगाडी आत घेतो. मी नसलो तर खलफान घेतो."

"चाकांचा दाब मी वगळलाय," झुवैना घाईनं म्हणाली. "चाकांमुळं नाही होत."

"गाडी ढकलता?"

"तिचा दांडा कधीच मोडलाय. दोरी बांधलीय. ओढतो."

मुसल्लम उठून उभा राहिला. "ओढा बघू."

ढकलगाडी आली. वाळूवर चाकं रुतायला लागली तेव्हा खलफाननं शिव्या घातल्या, पण ओढली. मग तालिबनं ओढली. मुसल्लम पुन्हा उकिडवा बसला. दोन्ही रांगांत उजवं पाऊल बाहेर वळलेलं होतं. उजवी टाच जराशी फरफटत आलेली. एक ढांग आखूड, एक लांब. मोजे असल्यामुळं बोटं दिसत नव्हती, तळवा दिसत नव्हता. उरली होती नुसती चाल, आणि ती एकाच माणसाची होती.

"दोरी धरून चालायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

दोघं एकमेकांकडं बघून हसले. "चालायला कुणी शिकवतं का, वालिद?" खलफान म्हणाला.

"मी विचारतोय ते सांग. लहानपणी कुणाच्या मागं चालायचात?"

खलफानचं हसू हळूहळू थांबलं. "याचे आजोबा," तो तालिबकडं बोट दाखवून म्हणाला. "आमचं घर शेजारीच. म्हातारा रोज गाढव घेऊन खजुराच्या बागेत जायचा. गाढवाची दोरी धरायची म्हणून आमची भांडणं व्हायची. एक दिवस याची पाळी, एक दिवस माझी."

"लंगडायचा?"

तालिब चकित झाला. "उजव्या पायानं. गाढवानंच लाथ घातली होती. तुम्हाला कसं कळलं?"

झुवैनानं टाळीच वाजवली. "दोरी हातात आली की आजोबांचा पाय येतो! जद्दी, फरशी चुकली नव्हती! तिला तिसराच माणूस दिसत होता!" ती दोघांच्या भोवती नाचायचीच बाकी होती. तालिब पुन्हा पुन्हा दोरी धरून स्वतःचे पाय बघत होता आणि खलफान पोट धरून हसत होता.

मुसल्लम मात्र पायरीवर जाऊन बसला. त्यानं पाणी मागितलं. पाण्याची बाटली त्याच्या हातात नुसतीच राहिली.

"बरं वाटत नाहीये का?" झुवैना जवळ आली.

"घरी चल," तो म्हणाला. "आणि मला हुमैदची पेटी काढून दे."

गाडीत त्यानं तिला सांगितलं. झुवैनानं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, पण ती जिंकलेल्या माणसाची गोष्ट होती. आज ती वेगळीच निघाली.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी शेखची शर्यतीची सांडणी चोरीला गेली. थंडीचे दिवस. चोरानं पायात लोकरीचे जाड मोजे घातले होते, वाळवंटात घालतात तसले. पायाचा आकार दिसत नव्हता. कुंपणाच्या तोंडाशी मुसल्लम वाकला, आणि उठला तो नाव घेऊनच उठला. सुलैम. शेखच्या सांडण्या शर्यतीसाठी तयार करणारा सुलैम, मुसल्लमचा जिवाभावाचा मित्र. उजवं पाऊल बाहेर, डावी टाच खोल. सांडणीही आवाज न करता गेली होती, म्हणजे ओळखीच्याच माणसाबरोबर. सबल्यात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या खोलीत, सगळे जमले. सुलैमनं शपथ घेतली. मग म्हणाला, मला मोजे घाला, हातात दोरी द्या, मला चालवून बघा.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मी दोनदा बघत नाही."

सुलैमच्या दोन सांडण्या भरपाईत गेल्या. महिन्याभरात त्यानं गाव सोडलं. चोराला कोण राहू देतो? त्यानंतर लोक मुसल्लमची आणखीच वाहवा करू लागले. मित्रालासुद्धा सोडलं नाही, म्हणाले.

"आणि हुमैद?" झुवैनानं विचारलं. हुमैद म्हणजे मुसल्लमचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी वारला होता.

"हुमैद सात वर्षांचा असल्यापासून सुलैमच्या मागं असायचा. सांडणीची दोरी धरून. बारा वर्षं." मुसल्लम खिडकीबाहेर बघत होता. "घरी माझ्याबरोबर चालायचा तेव्हा त्याची चाल त्याची होती. ती मला झोपेतही कळली असती. पण दोरी धरून तो कसा चालतो ते बघायचं मला कधी सुचलंच नाही. चोरीनंतर महिन्यानं तो अबू धाबीला गेला. मी म्हटलं, पोरगं कामाला लागलं."

पेटीत हुमैदचा खंजर होता, चांदीच्या म्यानाचा. मरण्याआधी दोन दिवस हुमैदनं मुसल्लमचा हात धरून सांगितलं होतं, माझा खंजर सुलैमला दे. मुसल्लमला वाटलं, तापात बरळतोय. चोराच्या कमरेला भावाचा खंजर? त्यानं तो पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

आता घरी खंजर मांडीवर घेऊन तो बसला होता. "काय करायचं याचं?" तो म्हणाला, पण नातीला विचारत नव्हता. "हुमैद गेला. त्याची पोरं मान वर करून चालतात. बापाला चोर म्हणून मी त्यांना सबल्यात कुठल्या तोंडानं बसवू? आणि मला तरी खात्री कुठाय? दोन माणसांनी गाडी ओढली म्हणून हुमैद चोर ठरतो का?"

"मग शंका आहे, एवढं तरी सांगा," झुवैना म्हणाली. "माझी फरशीसुद्धा सांगते."

तो इतका चिडला की त्या दिवशी तिच्याशी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, डोक्याला मुसर बांधून, खंजर कापडात गुंडाळून गाडीपाशी उभा होता. "बिदियाचा रस्ता तुला येतो ना?" त्यानं विचारलं. सुलैम तिथं राहत होता हे त्याला कायम माहीत होतं.

सुलैमचं घर वाळूच्या टेकडीला लागून होतं. अंगणात एक म्हातारी सांडणी बसली होती. सुलैम तिच्यापेक्षाही वाळला होता, पण डोळे चांगले होते. दारात कोण उभं आहे हे त्यानं बघितलं आणि तो उठला, कारण दारात आलेल्या माणसासाठी उठावंच लागतं. सलाम झाले. पोराबाळांची, गुराढोरांची, पाण्यापावसाची चौकशी झाली. खजूर आला, हलवा आला. सुलैमनं स्वतःच्या हातानं कहवा ओतून पेला पुढं केला.

मुसल्लमनं पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला.

सुलैम बघत राहिला. पाहुण्यानं कहवा खाली ठेवला म्हणजे तो काहीतरी मागायला आला आहे, आणि ते मिळेपर्यंत पिणार नाही. "चोराकडं काय मागायला आलास?" त्यानं विचारलं.

मुसल्लमनं डोक्याची मुसर सोडली आणि गुडघ्यावर ठेवली. उघड्या डोक्यानं त्याला तिथल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं. "माफी मागायला आलो. तो माग तुझा नव्हता. हुमैदचा असावा."

"हुमैद म्हणाला तसं?"

"हुमैदला जाऊन सहा वर्षं झाली. फरशी म्हणाली."

"कोण म्हणाली?"

झुवैनानं पुढं सरकून सांगितलं. पट्ट्या, व्हरांडा, तालिब, खलफान, गाढव, दोरी. ऐकता ऐकता सुलैमचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "एक्केचाळीस वर्षं मी शपथा घेतोय," तो म्हणाला, "आणि ऐकलं कुणाचं, तर फरशीचं! काय रे मुसल्लम, साक्ष द्यायला तिला दाढी आहे का?"

मुसल्लमनं मान खाली घातली. मग कापड सोडून खंजर पुढं केला. "हा त्यानं तुझ्यासाठी ठेवला होता. मी दिला नाही."

सुलैमचं हसू तिथंच थांबलं. त्यानं म्यानावरून अंगठा फिरवला. "एवढासा होता," तो म्हणाला. "दोरी मुठीत मावायची नाही. मी त्याच्यावर कधी हात उगारला नाही, मुसल्लम. मागितली असती तर माझी एक सांडणी मी त्याला दिली असती." खंजर त्यानं कमरेला लावला नाही, पण खालीही ठेवला नाही.

मग तो एकदम उठला. "चल. तेव्हा म्हटलं होतं ना, मला चालवून बघ? आता बघ."

"सुलैम, राहू दे. माझी खात्री झाली."

"तुझी खात्री!" सुलैम गरजला. "तुझ्या खात्रीवर मी थुंकतो. तेव्हाही तुझी खात्रीच होती. ऊठ!"

त्यानं लोकरीचे मोजे चढवले. सून दारातून ओरडत होती, मामा पडाल, पण तिच्याकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. त्यानं सांडणीला उठवलं, दोरी हातात घेतली आणि अंगणातून टेकडीच्या दिशेनं सपाट वाळूवर चालत निघाला. म्हातारा होता, पण दोरी हातात आल्याबरोबर त्याची पाठ सरळ झाली.

मुसल्लम वाळूत बसला. पहिलं पाऊल. दुसरं. उजवं बाहेर, डावी टाच खोल. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा माग जसाच्या तसा डोळ्यांसमोर होता. तो गुडघ्यांवर रांगत पुढं सरकू लागला. सात. आठ. दहा. अगदी तोच माग. म्हणजे मी तेव्हा बरोबरच होतो की काय? मरून गेलेल्या भावाला उगीच चोर केलं की काय? अकरा. बारा.

तेराव्या पावलावर तो थांबला. डावं पाऊल आतल्या बाजूला वळलं होतं आणि चवड्यानं वाळूत खड्डा पडला होता. पुढं पुन्हा सरळ. आणखी तेरा-चौदा पावलांवर पुन्हा तसाच खड्डा.

"हे काय आहे?" त्यानं ओरडून विचारलं.

सुलैम मागं आला. "काय? मागं वळून बघितलं. सांडणीचा पाय नीट पडतोय की नाही ते बघायला नको? मी कायमच बघतो."

"आणि हुमैद?"

"त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कार्ट्यानं कधी मागं वळून बघितलं नाही."

मुसल्लम वाळूत तसाच बसून राहिला. "मी त्या दिवशी कुंपणापासून दहा पावलं बघितली," तो म्हणाला. "दहा. तिथंच उठलो आणि सरळ तुझ्या घरी आलो. पुढचा माग मी बघितलाच नाही. दुपारी वारा सुटला, सगळा माग पुसला."

झुवैना त्याच्या शेजारी उभी होती. दहा पावलं म्हटल्यावर तिनं ओठ चावला. तिची फरशीही तेवढीच होती.

"चार पावलं पुढं आला असतास," सुलैम म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच मुसल्लमला सोसवेना. त्यानं सुलैमचा वाळूनं भरलेला मोजा दोन्ही हातांनी धरला आणि तो रडला, नातीसमोर, सुनेसमोर.

सुलैमनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "सबल्यात त्या दिवशी चौदा माणसं होती. आता तीन उरलीत. मी नेहमी चौकशी करत असतो."

"या शुक्रवारी, नमाजानंतर. मी उभा राहून सांगतो."

"हुमैदचं नाव घेशील?"

मुसल्लमला हुमैदची पोरं आठवली. थोरला तर दर शुक्रवारी त्याचा हात धरून त्याला सबल्यात नेऊन बसवायचा. "आधी पोरांना घरात बसवून सांगीन," तो म्हणाला. "मग सबल्यात. नाव घेईन."

"मग कहवा पी."

दोघं आत गेले. पेला तिथंच होता. "गार झाला," सून म्हणाली, "थांबा, दुसरा ओतते."

"गारच पिऊ दे त्याला," सुलैम म्हणाला. मुसल्लमनं तो एका दमात प्यायला.

निघताना झुवैनानं गाडीचं दार उघडून धरलं. म्हातारा आलाच नाही. तिनं वळून पाहिलं, तर तो अंगणात परत गेला होता आणि पहिल्या पावलापाशी पुन्हा उकिडवा बसला होता.

"आता काय राहिलं?" सुलैमनं उंबऱ्यातून विचारलं. "बघितलंस ना एकदा?"

"बघू दे," मुसल्लम म्हणाला, आणि हळूहळू दुसऱ्या पावलाकडं सरकला.